आपल्या घरातलं वाक्य

गिरगावातल्या चाळीत रमाकांत सर पोरांना इंग्रजी शिकवायचे. अट एकच: क्रियापदाचं वाक्य पुस्तकातलं नको, आपल्या घरातलं हवं. पाडव्याच्या आदल्या दिवशी त्यांनी फळ्यावर 'वीकन' लिहिलं. म्हणजे जोर ओसरणं. माणसाचा ओसरतो, दोरीचा ओसरतो, निश्चयाचाही, म्हणाले. त्यांच्या नातीने, नूपुरने, वहीत इंग्रजीत लिहिलं, 'आजोबांच्या उजव्या हातातला जोर कमी होत चाललाय.'

सरांचं डोकंच फिरलं. "काहीतरीच! कोणी सांगितलं तुला?" लाल पेनाने त्यांनी खसकन फुली मारली. खरं तर दोन महिन्यांत तीन कप हातून निसटले होते, आणि दर वेळी म्हणे कपच निसरडा होता! डॉक्टरकडे जायचं नावच नाही. हात गेला तर या घरात आपण कोण, ही भीती त्यांना आतून खात होती.

तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत गुढी चाळीस वर्षं तेच उभारत. पाडव्याच्या सकाळी पत्नी, पद्मजाबाई, नुसतं म्हणाल्या, "या वर्षी नूपुर धरेल ना." झालं! "का? मी मेलोय का?" सणासुदीला असं अभद्र बोलून मोकळे.

काठी कठड्याबाहेर तिरकी गेली. टोकाला जरीचं कापड, कडुलिंब, गाठी आणि पालथा तांब्या. खाली शोभायात्रेचं लेझीम पथक थांबलेलं, पोरीबाळी अगदी गुढीखाली. डाव्या हाताने सर कठड्याला सुतळीचा वेढा देत होते आणि उजव्याने काठी पेलत होते. बोटं उघडू लागली. सरांनी दात आवळले. काठी वीतभर सरकली, तांब्या डुलला. पडला तर कुणाच्या तरी लेकराचं डोकं फुटणार! आणि हाक मारली तर कालची फुली खोटी ठरणार. अहो, त्या मेल्या फुलीचं काय घेऊन बसलात? पण जीभ उचलेना.

काठी आणखी सरकली.

"नूपुर! धर गं! माझ्या हातात जोर नाही राहिला!"

ती मागेच उभी होती, कधीची. तिने दोन्ही हातांनी काठी धरली, सरांनी गाठ मारली. गुढी उभी राहिली. खाली कुणाला पत्ताही नव्हता.

सरांना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. मग वही मागितली. उजव्या हातात पेन ठरेना, म्हणून डाव्याने, पहिलीतल्या पोरासारखी वेडीवाकडी, फुलीशेजारी त्यांनी बरोबरची खूण केली.