बिरोबाच्या बनाची राखण

१९७६ साली मी मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडच्या एका गावी तलाठी म्हणून रुजू झालो. तिसऱ्या दिवशी चावडीच्या दारात एक धनगराची म्हातारी येऊन बसली. पायात टायरच्या वहाणा, अंगावर विरलेलं इरकल. काय काम आहे विचारल्यावर म्हणाली, "बनाची नोंद झाली का बघाया आलीया."

मागच्या दोन तलाठ्यांनाही तिनं हेच विचारलं होतं. केराबाई तिचं नाव. माझ्याच हद्दीतल्या एका गावाहून आठ मैल चालत यायची, उत्तर ऐकायची आणि परत जायची. चिडत नसे. तिच्या तोंडून आणि त्या गावातल्या इतरांकडून पुढं जे कळलं, ते असं.

त्या गावाच्या शिवेवर बिरोबाचं बन होतं. बारा एकर. लिंब, हिवर, चिंच, बाभळी आणि दोन मोठी नांद्रुकं. एका टोकाला बिरोबाचं ठाणं, दुसऱ्या टोकाला पिराची मजार. मधल्या विहिरीचं पाणी पलीकडच्या वाडीतल्या लिंगायत मठातही जायचं. बनात कुऱ्हाड न्यायची नाही, हा सगळ्यांचाच नेम. पडलेलं लाकूड फक्त जत्रेच्या आंबिलीला वापरायचं. केराबाईचा नवरा देवाचा पुजारी होता. तो वारल्यावर पूजा दिराकडे, महिपतीकडे गेली. झाडलोट मात्र केराबाईकडेच राहिली.

बहात्तरचा दुष्काळ पडला. केराबाईची चाळीस मेंढरं दोन महिन्यांत मेली. ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. एक दिवस दुपारी त्याच रस्त्यावरून लाकडांनी भरलेली गाडी गेली. केराबाईनं मान वर केली आणि हातातली हातोडी खाली ठेवली. गाडीत नांद्रुकाचा बुंधा होता. साऱ्या शिवारात नांद्रूक बनाशिवाय कुठं नव्हतं.

ती तशीच बनाकडे निघाली. तोडलेल्या खोडापाशी हरणाबाई पारधीण बसली होती. पारध्यांची चार पालं वर्षानुवर्षं बनाच्या कडेला असायची.

केराबाई ओरडली, "तुमीच तोडलं व्हय?"

"आमी?" हरणाबाई उठून उभी राहिली. "आक्का, ह्या बनात तितर अंडी घालतं, म्हणून बाहेरच्या रानात आमच्या फाशाला लागतं. आमचा बाप, आजा, कुणी बनात फासा लावला न्हाय. आमी आमचंच प्वाट कापू का? ये, दावते."

तिनं चाकोरी दाखवली. गाडीची चाकोरी बनातून निघून सरळ महिपतीच्या दारापर्यंत गेली होती.

केराबाई दारात उभी राहून म्हणाली, "भावजी, तुमी बन इकलं?"

महिपतीनं नाकारलं नाही. एका वीटभट्टीच्या ठेकेदाराला त्यानं बनातल्या सगळ्या झाडांसाठी अंगठा दिला होता. "वैनी, तुमची मेंढरं मेली तवा देव आला का सोडवाया? माझ्या घरात पाच तोंडं हायती. झाडं खाऊ का?"

चार वर्षांनंतर मला हे सांगताना केराबाई म्हणाली, "त्येचं काय चुकीचं हुतं, सायब? भूक लागली हुती त्येला." पण त्या दिवशी ती घरी न जाता मजारीकडे गेली.

मुजावर लाडलेसाब तिच्याच वयाचे. त्यांनी ऐकून घेतलं आणि काठी उचलली. दोघं मठात गेली. मठाचे कारभारी सिद्रामप्पा आधी म्हणाले, देव तुमचा, पुजारी तुमचा, आम्ही मध्ये कसं पडायचं?

"विहीर कुणाची?" लाडलेसाब म्हणाले. "झाडं गेली की पानी जातंय, सिद्रामप्पा. मग तुमच्या मठातले अय्या अंघोळ कशानं करनार?"

सिद्रामप्पांनी कागद काढला आणि मामलेदाराच्या नावे अर्ज लिहिला. उत्तर येईपर्यंत आळीपाळीनं बनात बसायचं ठरलं. खरं तर दिवसभर तिथं पारधीच असायचे. बाकीच्यांना खडी फोडायला जावं लागे.

पाचव्या दिवशी ठेकेदार आठ लाकूडतोडे घेऊन आला. सिद्रामप्पा आणि मठातली चार माणसं विहिरीपाशी बसली. लाडलेसाबनी मजारीवरची हिरवी चादर काढून चिंचेच्या बुंध्याला गुंडाळली. केराबाईनं लिंबाला भंडारा लावला. मग हरणाबाईचा नवरा पालातून देवीचं गाठोडं घेऊन आला. पारध्यांची देवी परक्यासमोर कधी बाहेर येत नाही. त्यानं गाठोडं न सोडता हिवराच्या मुळाशी ठेवलं आणि शेजारी बसला.

तोडे जवळपासच्याच गावांतले होते. त्यांतल्या एकानं चादर बघितली, भंडारा बघितला, गाठोडं बघितलं आणि म्हणाला, "मालक, हितं आमच्यानं न्हाय हुयाचं." आठही जण निघून गेले.

लोकांना वाटलं, झालं. त्यानंतर चौथ्या दिवशी पोलीस आले आणि लाकूडचोरीच्या संशयावर हरणाबाईच्या नवऱ्याला घेऊन गेले. पारधी म्हटल्यावर पुरावा कोण विचारतो?

केराबाई, लाडलेसाब आणि सिद्रामप्पा चालत मंगळवेढ्याला ठाण्यावर गेले. त्यांना दिवसभर बाहेर बसवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी फौजदारानं आत बोलावलं आणि हसून विचारलं, "चोराची जामिनकी घ्यायला मठ आलाय?"

"चोर न्हाय," केराबाई म्हणाली. "आमच्या बनाचा राखणदार हाय. आमीच ठिवलाय."

हे खोटं होतं; त्याला कुणी ठेवलं नव्हतं. पण सिद्रामप्पांनी तसं लिहून दिलं, लाडलेसाबनी उर्दूत सही केली, केराबाईनं अंगठा उठवला. संध्याकाळी त्याला सोडलं. त्याचा उजवा गुडघा कायमचा गेला होता. तिघांनी त्याला आळीपाळीनं खांदा देत घरी आणलं.

पोलिसांच्या धाकानं पारधी बनात फिरकत नव्हते; त्या तीन दिवसांत ठेकेदारानं लांबून माणसं आणली आणि मजारीकडचं निम्मं बन तोडून नेलं. चिंच गेली. चादर तेवढी घडी करून बाजूला ठेवलेली सापडली. तोड थांबवण्याचा मामलेदाराचा हुकूम त्यानंतर आठवड्यानं आला.

केराबाई म्हणाली, "रडाया बी आलं न्हाय. नुसतं वाटलं, हितंच आडवं व्हावं."

दुष्काळ सरला तशी गावाला पारध्यांची अडचण होऊ लागली. पालं हलवा, असं ग्रामपंचायतीत निघालं. केराबाई सभेत उभी राहिली. "तवा कुटं हुता रं तुमी सगळी?" एवढंच बोलली आणि खाली बसली. पालं राहिली.

पण कागदावर ती जमीन पडीक सरकारी होती. उद्या दुसरा ठेकेदार आला तर? म्हणून तिच्या चावडीला खेपा सुरू झाल्या. मीही तिला वर्षभर खेपा घालायला लावल्या, हे कबूल केलं पाहिजे. कधी सर्कलसाहेब रजेवर, कधी नकाशा तालुक्याला. सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात एकदाचा फेरफार धरला. बिरोबा देवस्थान, पीर देवस्थान, अशी नावं वाचून दाखवली.

"आनि पारधी?"

"त्यांचं नाव लावायला रकाना नाही, बाई."

"गुडघा त्येचा गेला की."

मी सातबाऱ्याच्या इतर हक्कांत लिहिलं, 'राखण: पारधी कुटुंबे'. पंधरा दिवसांनी सर्कलसाहेबांनी बाकीची नोंद मंजूर केली आणि तेवढी ओळ तांबड्या शाईनं खोडली. मी ते सांगितलं तेव्हा केराबाईनं खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं. तांबडी रेघ मात्र दिसत होती.

"म्हंजी पुना अर्ज. पुना यायचं," ती म्हणाली. मग भिंतीला टेकून म्हणाली, "आज न्हाय सायब. जरा बसते."

ती चार वाजेपर्यंत बसून होती. मी चहा मागवला, तो तसाच निवला. दुसरा अर्ज मीच लिहिला, तिचा अंगठा घेतला आणि वर पाठवला. निकाल लागायच्या आत माझी करकंबला बदली झाली.

एकोणऐंशीत करकंबच्या बाजारात लाडलेसाब भेटले. बकरं विकायला आले होते. त्या अर्जाचं काहीच झालं नव्हतं. तोड मात्र पुन्हा झाली नव्हती आणि पारधी तिथंच होते. पालांच्या जागी आता तीन झोपड्या होत्या. केराबाईचे पाय सुजले होते, घराबाहेर पडणं बंद झालं होतं. महिपतीची माणसं कधी बघत, कधी नाही. रोजची भाकरी हरणाबाई आणून देत होती.

मी विचारलं, "आणि ती खाते? पारधिणीच्या हातची?"

"खाती की," लाडलेसाब म्हणाले. "वरून म्हनती, मीठ कमी टाकती बया."