अवसमामांचं रफू

मार्गशीर्षातल्या एका बुधवारी सकाळी सव्वादहा वाजता आदिलाबादच्या आमच्या भाजी उत्पादक संघाचा सर्व्हर चालू लिलावात बंद करण्यात आला. बंद करणारे अवसमामा होते. त्या दिवशी अवस नव्हती, आणि आधीच्या तीन वर्षांत अवसेशिवाय मामांनी सर्व्हरला हात लावल्याची नोंद नाही.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले मामा संघाची वेबसाइट सांभाळत. मी त्याच खोलीत रोजच्या भावाचं पत्रक काढत असे. वेबसाइटचं काम एकच होतं. शेतकऱ्यांनी आदल्या संध्याकाळी मोबाइलवर माल नोंदवायचा, आणि सकाळी त्याच क्रमाने गाड्या उतरवायच्या. त्याआधी ज्याचा आवाज मोठा त्याची गाडी पुढे लागे आणि तामसी गावच्या लहान शेतकऱ्यांची मेथी उन्हात मान टाके. संघाच्या अध्यक्षांना सगळे शेठ म्हणत. यादीला मान्यता देताना त्यांनी अट घातली होती: ती एकदा जरी चुकली, तर कायमची बंद.

सॉफ्टवेअरमध्ये भोक सापडलं की ते बनवणारे दुरुस्ती पाठवतात. संगणकवाले तिला पॅच म्हणतात, मामा रफू म्हणत. रफू आधी घरच्या जुन्या संगणकावर घालायचं, दोन दिवस पाहायचं, मग संघात आणायचं, अशी त्यांची रीत होती. त्यासाठी सर्व्हर बंद ठेवावा लागे. लिलावाला सुट्टी फक्त अवसेला, म्हणून रफूही अवसेला. अवसेला असलं काम काऊन, असं कोणी विचारलं की मामा म्हणत, "नवं कुठं करून राह्यलो? जुनंच शिवून राह्यलो."

लोकांनी त्याचा अर्थ आपापल्या परीने लावला. दुसऱ्या वर्षापासून शेठ अवसेच्या सकाळी सर्व्हरपुढे नारळ फोडू लागले. हमालांनी सर्व्हरच्या कपाटाला लिंबू-मिरची बांधली. मामांचा यावर विश्वास नव्हता, पण खोबऱ्याला त्यांनी कधी विरोध केला नाही.

त्या बुधवारी सकाळी मामांनी संगणकावर आलेली सूचना वाचली. सर्व्हरच्या प्रोग्रॅममध्ये असं भोक सापडलं होतं की पासवर्ड न देता कोणालाही मालकासारखं आत शिरता येईल. रफू निघालं होतं, पण भोकही जगजाहीर झालं होतं, आणि अशी उघडी दारं हुडकणारे लोक कामाला लागले होते. अवस होऊन तीनच दिवस झाले होते.

रफू आजच घालू द्या, असं मामांनी सांगितलं तेव्हा शेठांनी नकार दिला. पुढच्या अवसेला करू, मधेच हात लावला तर विघ्न येईल, असं त्यांचं म्हणणं होतं. हमालांनीही माना डोलावल्या. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि चूक आपली असल्याचं सांगितलं. तीन वर्षांत त्यांनी कोणाला खरं कारण समजावलंच नव्हतं.

"शेठ, बाजार बंद असते म्हणून आमी अवस धरली," ते म्हणाले. "चोर काय पंचांग पाहून येते?"

"अन् यादी गेली तर?"

"रफू नाही घातलं तर जाईन. आत आलेला तुमची गाडी शेवटी लावन, नाईतर सगळ्याइचीच पुसून टाकन."

मग सर्व्हर बंद असताना यादी वाचणार कोण, एवढंच शेठांनी विचारलं.

तामसीच्या सुमनबाई वांगी घेऊन आल्या होत्या. त्यांचा नंबर चौतिसावा होता. मामांनी यादी छापून त्यांच्या हातात दिली, सर्व्हर बंद केला, आणि सुमनबाई लिलावाच्या ओट्यावर चढल्या. देऊ केलेला भोंगा त्यांनी परत केला. प्रत्येक नंबर त्यांनी मराठीत, तेलुगूत आणि मग हिंदीत पुकारला. तेविसाव्या नंबराला एका गाडीवाल्याने मधे घुसून पाहिलं. "भाऊ, सर्व्हर बंद हाये, माहे डोळे नाही," असं त्या म्हणाल्या. ओटा हसला, गाडी मागे गेली.

आत मामांनी घरी तपासण्याची पायरी पहिल्यांदाच वगळली होती. सर्व्हर सुरू झाला तेव्हा शेतकऱ्यांच्या नावांच्या जागी नुसते चौकोन दिसत होते. शेठांनी नारळ आणायला माणूस पिटाळला. तो परत येण्याआधी मामांनी अक्षरं ताळ्यावर आणली. सर्व्हर एकूण अडतीस मिनिटं बंद होता. अकरा वाजून दोन मिनिटांनी कोणीतरी अनोळखी ठिकाणाहून त्याच भोकातून शिरायचा प्रयत्न केल्याचं सर्व्हरच्या नोंदीत दिसतं. त्याला नकार मिळाला. आणलेला नारळ फोडण्यात आला. पाणी सुमनबाईंना दिलं, त्यांचा घसा बसला होता. वांगी चौतिसाव्या नंबरालाच उतरली.

पाडव्यानंतर मामा मुलीकडे भैंशाला राहायला गेले. निरोपाच्या बैठकीत रफू निघेल त्याच दिवशी घालण्याचा ठराव शेठांनी मांडला. तो एकमताने मंजूर झाला. तेव्हापासून सर्व्हर चालू लिलावात चार वेळा बंद झाला आहे. चारही वेळा गाड्या यादीप्रमाणे उतरल्या.