झाकनातला दगड

भरती-ओहोटी माझ्याएवढी पनवेलच्या खाडीकाठी कोनालाच कळत नाय. तरी भर दुपारी भरतीचं पानी घुसलं ते माझ्याच चुकीनं, आन माझ्याच घरात.

तवा मी आमच्या गावाजवळ बांधलेल्या होल्डिंग पाँडवर वॉचमन होतो. पावसाचं पानी नाल्यानं गावातनं त्या तलावात यायचं, ओहोटीला खाडीत जायचं. मधी लोखंडी झाकनं. भरतीला आपोआप मिटायची. नीट मिटली का बघायचं, एवढंच माझं काम. बाकी वेळ पक्षी बघायला आलेल्या कॅमेरावाल्यांना नावं सांगायचो. पांढरा तो बगळा, काळा तो भिजलेला बगळा. एकानं ते वहीत लिहूनपन घेतलं.

घरात बायकोनं उनाळाभर सुकवलेला जवला आन बोंबील होते. पावसाळाभर ती तेच बाजारात विकायची, त्यावर चूल पेटायची. माझा पगार यायचा तवा यायचा.

माझा बाप खारजमिनीच्या बांधातलं दार थोडं उघडं ठेवायचा. भरतीबरोबर मासळी आत यायची. मी पन एका झाकनात दगड सरकवला आन झोपलो. बाप ते उनाळ्यात करायचा, शेत मोकळं असताना. मी केलं भर पावसात. तलाव भरतीनंच भरला, वरनं पाऊस कोसळला, पान्याला जागा रायली नाय. ते उलटं फिरलं नाल्यानं. गावात सगळ्यात खाली घर आमचं.

घरी पोचलो तवा गुडघाभर पानी. गोनी फुटून जवला तरंगत होता. वाईट वाटायला पायजे होतं. नाय वाटलं. मी भिंतीवर खाली लोंबनारं कॅलेंडर बघत रायलो. खालचे दोन आठवडे भिजले होते.

बायको बोलली, "झाकन मिटलं नाय काय?"

"नाय."

"कशानं?"

"दगड होता."

"कोनी घातला?"

मी परत कॅलेंडर बघितलं. ओहोटी लागली, पानी घोट्याखाली आलं, तशी ती झाडू घेऊन ते भायेर लोटायला लागली. जवल्यासकट. लोटत लोटत माझ्या पायापर्यंत आली. मी उंबऱ्यावर तसाच उभा.

"तिथं अडवायचं पानी अडवलं नाय," ती बोलली, "आन इथं दारात उभं राहून अडवताय व्हय? सरा बाजूला."