बेचाळीस गाण्यांची यादी

फोन शेजारच्या काकूंचा होता. मी धुळ्यात, मधू जळगावात. "अक्का, तुम्ही निघा," एवढंच म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मधू, माझा धाकटा भाऊ, दुपारी कधीतरी खुर्चीतच गेला आणि कळलं दिवेलागणीला. समोर कॉम्प्युटर चालूच होता. मी पोचल्यावर काकू म्हणाल्या, "पूर्वी गाणी वाजायची, तर भाऊ घरात आहेत एवढं कळायचं. हल्ली आवाजच नव्हता... आम्हाला वाटलं, कुठे गेले असतील." त्या बिचाऱ्या सहज बोलून गेल्या. तो आवाज कुणी बंद पाडला, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं. मधूला जाऊन दीड महिना झाला, ते पोटात घेऊन फिरते आहे.

सुमती, मधूची बायको, नशिराबादची. काय गळा होता तिचा! हळदीच्या मांडवात ती गायला लागली की वाटणाऱ्या बायकांचे हात थांबायचे. लग्न, बारसं, श्रावणातला कानबाईचा उत्सव, सगळीकडून तिला बोलावणं. तिच्यामागे मधू, काखेत टेपरेकॉर्डर. "तुमनं ते डबडं दूर करा, माले लाज वाटस!" ती सगळ्यांदेखत ओरडायची. तेही टेप व्हायचं, बायका हसलेल्या टेप व्हायच्या, आणि मग गाणं. त्यांना मूलबाळ झालं नाही. सुमती काविळीने गेली तेव्हा चाळिशीचीही नव्हती. मधूने कॅसेटी ट्रंकेत टाकल्या आणि नऊ-दहा वर्षं उघडल्या नाहीत. उघडल्या तेव्हा फितीला बुरशी लागलेली.

तो कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होता. तिथे नवे कॉम्प्युटर आले, तेव्हा जुना एक याने मागून घरी आणला. टेपरेकॉर्डरची वायर त्याला जोडून एकेक कॅसेट आत उतरवून घ्यायला लागला. कितीतरी फिती त्या एका वाजवण्यातच तुटल्या. तुटलेली असो की धड, एकदा उतरली की टाकून द्यायचा. "आता आत शे ना ती," म्हणायचा.

गाणी वाजवायला कुणीतरी त्याला एक मोठा, चकचकीत प्रोग्राम टाकून दिला होता. तो उघडायलाच चहा होऊन जायचा, आणि उघडला की विचारणार, गायक कोण, अल्बम कोणता, साल कोणतं. मधू चिडला. "याले काय सांगू अक्का, अल्बम बारसं, गायक माझी बायको? मला गाणं ऐकायचंय, शिरगणती नाही करायची!" मग त्याला एक छोटा प्रोग्राम मिळाला. पडद्याच्या कोपऱ्यात काडेपेटीएवढी खिडकी. फोल्डर दाखवा, त्यात जे आहे ते ओळीने वाजवणार, एक शब्द विचारणार नाही. त्या जुन्या मशीनलाही तो झेपायचा. मलाही शिकवला त्याने. म्हणाला, "फोल्डर म्हणजे तुझा डाळीचा डबा. आणि ही बाजूला यादी दिसते ना, नाव आणि किती मिनिटांचं ते, ती डब्यावरची चिठ्ठी." चार फोल्डर होते, हळद, कानबाई, बारसं, जातं. मिळून बेचाळीस गाणी.

उन्हाळ्यात त्याला हृदयाचा झटका आला. तो दवाखान्यात, मी त्याच्या घरी येऊन राहिले. त्याच दिवसांत कॉम्प्युटर सारखा बंद पडायला लागला. दुरुस्तीवाला म्हणाला, सगळं पुसून नव्याने भरावं लागेल, हवं ते आधी काढून घ्या. मला वाटलं, मधू घरी येईल तेव्हा मशीन तयार असावं. मी फ्लॉपी घातली, त्या छोट्या खिडकीतली यादी फ्लॉपीवर साठवली. क्षणात झालं काम. एका फ्लॉपीत बेचाळीसच्या बेचाळीस मावली, म्हणून मी कौतुकाने हसलेसुद्धा! दवाखान्यात मधूच्या नाकात नळी होती. सगळं घेतलंस ना, एवढंच विचारलं त्याने, "बठ्ठं लिधं ना?" मी म्हटलं, "बठ्ठं लिधं." त्याने डोळे मिटले.

तो घरी आला त्याच दुपारी फ्लॉपी घातली. यादी आली, सगळी नावं जागच्या जागी. त्याने पहिलं दाबलं. आवाज नाही. खिडकी आपोआप दुसऱ्यावर गेली, तिसऱ्यावर, भराभरा बेचाळीसाव्यापर्यंत, आणि थांबली. मी चिठ्ठी तेवढी सोडवून घेतली होती आणि डबा डाळीसकट धुवायला दिला होता... मधू माझ्याकडे न बघता म्हणाला, "अक्का, तू तिले दुसऱ्यांदा जाळलंस."

तीन दिवस आम्ही बोललो नाही. मी ताट वाढायची, तो जेवायचा. चौथ्या दिवशी मी पिशवी भरली. बघते तर तो यादी उघडून बसलेला, नजर भिंतीवरच्या घड्याळावर, ओठ हलताहेत. नावापुढे तीन मिनिटं बेचाळीस सेकंद लिहिलेलं, तर तेवढी पूर्ण होईपर्यंत काट्याकडे बघायचा, मग खालच्या नावावर बोट. मी दारात उभी. म्हणाला, "बस ना. आते तिसरं चालू शे."

मी बसले. पिशवी सोडली आणि आणखी महिनाभर राहिले. रोज दुपारी तेच. त्याने मला माफ केलं का, मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. मी धुळ्याला परतले, आणि आठ दिवसांत काकूंचा फोन आला.

कॉम्प्युटर कुणी मागितला त्याला देऊन टाकला. यादी मी वहीच्या कागदावर उतरवून आणली, इथे घड्याळाखाली चिकटवली आहे. दुपारी भांडी आवरली की बसते. हळदीची सगळी मला येतात, कानबाईची बरीचशी. ती मनात म्हणते, मिनिटं बरोबर भरतात. सतरावं मात्र मला माहीतच नाही. "अंगणातलं" एवढंच नाव आहे, चार मिनिटं दहा सेकंद. कुठलं अंगण, कधीचं, कोणते शब्द, ते त्या दोघांनाच ठाऊक होतं. मधूशेजारी बसायची तेव्हा विचारायचं धाडस झालं नाही. ते आलं की मी नुसती काट्याकडे बघत राहते, चार मिनिटं दहा सेकंद पुरी होईपर्यंत... मग अठराव्यावर बोट ठेवते.