कुंदाने ब्राउन पेपरखाली शिवून दिलेलं पुस्तक

काल कुंदा गेली, आणि तिच्या अंगणातली गर्दी बघून माझ्या पोटात दुखलं.

मत्सराचंच दुखणं सांगतेय. मी शाळेतून रिटायर झाले, मत्सर अजून ड्युटीवर आहे.

पेडण्याहून, म्हापशाहून मोटारसायकली काढून आलेली माझीच जुनी पोरं. एकेकाला टक्कल पडलेलं. माझ्या पाया पडली आणि लगेच विचारलं, "बाई, ती चिनी चित्रांची पुस्तकां खंय आसत?"

चित्रांची पुस्तकं म्हणे.

त्यातल्या गोष्टी कोणी लिहिल्या, एकालाही आठवेना. मी लिहिल्या होत्या.

माझा मामा मुरगावच्या धक्क्यावर कामाला होता. बोटीवरच्या एका खलाशाने त्याला चिनी लोककथांचं इंग्रजी पुस्तक दिलं. त्यात एकही चित्र नव्हतं. मी तेव्हा कोरगावात नवी मास्तरीण, आणि बालवर्गाला वाचून दाखवायला धड एक पुस्तक नाही. रोज संध्याकाळी डिक्शनरी घेऊन बसायची आणि एकेक गोष्ट मराठीत आणायची. पुढे पुढे तर त्या वळणाच्या माझ्या मीच रचायला लागले.

कुंदा शेजारची. ब्लाऊज शिवायची. ड्रॉइंग कुठे शिकली नव्हती, पण हातात होतं.

मी उजव्या पानावर गोष्ट लिहायची, ती डाव्या पानावर चित्र काढायची. मग शिलाई मशीनवर पुस्तक शिवायची.

तिने चीन बघितला होता फक्त घरच्या लोणच्याच्या बरणीवर. बरणीवर ड्रॅगन होता, तो उचलला. बाकी सगळं आमचं कोरगाव. चिनी राजाच्या घरावर मंगलोरी कौलं, आणि आत गणपतीवर रानफळांची माटोळी बांधलेली.

"अगो, चीनमध्ये चवथ नसते," मी म्हटलं.

"तू बघून इलंस?"

पोरांना वेड लागलं त्या चित्रांचं. मी गोष्ट सांगायला तोंड उघडलं की सगळे डोळे पुस्तकात. "बाई, पान परता मगे." माझा घसा सुकायचा, पण ऐकतंय कोण?

त्यात ते दिवस भाषेच्या भांडणाचे. मराठी की कोकणी यावरून एका घरातली माणसं एकमेकांशी बोलेनात. माझ्या शब्दाशब्दावर कोणीतरी बोट ठेवायचं. एक म्हणे मराठी कशाला, दुसरा म्हणे यात कोकणी शब्द घुसलाच कसा.

कुंदाची चित्रं मात्र दोन्ही बाजूंना आवडायची. चित्राला कोण काय विचारणार?

गोवा घटक राज्य झालं त्या वर्षी तालुक्याच्या एका कार्यक्रमात आमची पुस्तकं मांडली. शाल कुंदाला. मला म्हणाले, "बाई, तुम्ही जरा माइक बघा."

दुसऱ्या दिवशी मी ते केलं.

जूनमध्ये पुस्तकांना कव्हरं घालून उरलेला ब्राउन पेपर काढला आणि टाचण्या लावून प्रत्येक चित्र झाकलं. म्हटलं, आता ऐका.

ऐकलं त्यांनी. दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी कुंदा कोणाचा तरी युनिफॉर्म द्यायला वर्गात आली. माझ्या हातातलं पुस्तक तिने बघितलं.

"चित्र दिसलं की पोरं ऐकत नाहीत," मी म्हटलं.

"बरां," म्हणाली आणि गेली.

तेव्हा एक पुस्तक चित्रं काढायला तिच्याकडे होतं. मीच रचलेली गोष्ट. एक ड्रॅगन ढगांच्या गडगडाटाला घाबरतो, आणि गावातली एक म्हातारी त्याला गोष्टी सांगून झोपवते. पंधरा दिवसांनी तिने ते आणून दिलं. प्रत्येक चित्रावर तिने स्वतःच ब्राउन पेपर घातला होता. चारही बाजूंनी बारीक धावदोरा.

"घे. तुझो तरास वाचलो."

मला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं. पुस्तक तसंच ट्रंकेत टाकलं. परत आम्ही दोघींनी पुस्तक केलं नाही.

बोलणं तुटलं नाही हां. हळदीकुंकू, चवथीला नेवऱ्यांची ताटं, सगळं चालू.

दोन-तीन वर्षांनी एकदाच तिने विचारलं, "ता पुस्तक उसवलंस काय गो?"

"हो तर. छान झालीत चित्रं."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरां." पुन्हा विषय काढला नाही.

काल तिच्याकडून घरी आले आणि ट्रंक उघडली. ब्लेडने धावदोरा उसवला.

त्या चित्रातली चिनी म्हातारी मी आहे.

केसांत अबोलीचा वळेसर. चष्म्याच्या डाव्या काडीला काळा दोरा बांधलेला, तेव्हा माझा चष्मा तसाच होता. ड्रॅगन माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपलाय. आणि भोवती माझा बालवर्ग. एकेक तोंड ओळखलं मी. सगळी पोरं आ वासून माझ्याकडे बघतायत.

एकूण एक पानावर तेच. एकही पोर दुसरीकडे बघत नाही.

मला काय हवं होतं ते तिला कळलं होतं. रागावली होती, तरी काढून दिलं. आणि मी खोटं बोलले ते तिला तिथल्या तिथे कळलं असणार. पुस्तक उसवलेली बाई "छान झालीत" एवढ्यावर थांबली असती का?

इतकी वर्षं ती माझ्या दारावरून जात होती, आणि मी ट्रंकेवर गोधड्या रचून ठेवल्या होत्या.

आजही मत्सर वाटतो मला तिचा. एवढं मोठं मन करून मी कोणासाठी एक ओळ लिहिली नाही.

पोरांनो, ज्यांनी काल विचारलंत त्यांना सांगते. एक पुस्तक माझ्याकडे आहे. बाराव्याला आणते. गोष्ट मी सांगणार नाही, तुम्ही चित्रं बघा.

श्रद्धांजलीचे मोठे शब्द बाकीचे लिहितील. मला एवढंच लिहायचंय.

कुंदा, पुस्तक उसवलं गो. आता बघितलं.