देवरे काकांच्या गाडीला बांधलेला लाल टॅग

कुणी नवीन गाडी घ्यायला निघालं की हल्ली मी गप्प बसतो. मला ओळखणाऱ्यांचा यावर विश्वास बसणार नाही, कारण न विचारता सल्ला देणं हा माझा स्वभावच आहे. मग असं काय झालं? सांगतो. पण मध्ये उठू नका. एकदा थांबलो तर उरलेलं सांगायचा धीर होणार नाही. आणि माझ्या पायाकडे बघू नका, तो हलणारच.

बसलो की माझा डावा पाय हलतो. जेवताना हलतो, मीटिंगमध्ये हलतो, दाताच्या डॉक्टरकडे तर असा हलतो की डॉक्टरच हातातलं काम थांबवतात. आमची बायको वैशाली म्हणते, तुमच्या शेजारी सोफ्यावर बसलं की एसटीत बसल्यासारखं वाटतं. आता मनालाच स्वस्थता नाही, तर पायाने काय करावं?

मी सातपूरला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. म्हणजे दुसऱ्याने बनवलेल्या पार्टमध्ये खोट काढायची. खोट सापडली की पार्टला लाल टॅग बांधायचा. टॅगवर चार रकाने: पार्ट कोणता, दोष काय, कारण काय, पुढे काय करायचं. खाली इन्स्पेक्टरची सही. सही नसेल तर टॅगला काही अर्थ नाही. बावीस वर्षं मी हेच करतोय. त्यामुळे जगात काहीही बिघडलं की दोष समोरच्या वस्तूत आहे, अशी माझी पक्की समजूत होऊन बसली होती.

तर वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी गाडी शिकलो. आमच्या इंदिरानगरमध्येच एक ड्रायव्हिंग क्लास आहे, तिथले अहिरे मास्तर शिकवायला होते. फार कमी बोलणारा माणूस. शेजारी बसायचे, समोर बघायचे आणि अधूनमधून हं म्हणायचे. बोलायचं काम माझ्याकडे होतं. टायरमध्ये हवा किती असावी, सीटबेल्ट का लावावा, पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवावं, सगळं मी त्यांना समजावून सांगितलं.

आणि खरं सांगतो, गाडी मला अशी जमली की मीच थक्क झालो. क्लच म्हणजे तर लोणी! नुसता पाय टेकवला की खाली जायचा. सिग्नलला गाडी अलगद थांबायची, अलगद सुटायची. मास्तरांच्या पायाशी जादाचे पॅडल असतात हे मला माहीत होतं. पण ते अडीअडचणीला वापरायचे, आणि माझ्यावर तशी अडचण कधी आलीच नाही. लायसन्सच्या टेस्टला रिकामा सपाट ट्रॅक होता, गाडी पहिल्या गिअरमध्ये हळूहळू न्यायची होती. सुटताना तिने एक आचका दिला, तो मी उन्हावर ढकलला. पास झालो.

आता गाडी घ्यायची होती. आमच्या खालच्या मजल्यावर देवरे काका राहतात. मूळचे सटाण्याकडचे, हायस्कूलमध्ये गणित शिकवून रिटायर झालेले. त्यांच्याकडे अकरा वर्षं जपून वापरलेली छोटी पांढरी गाडी होती. डोळ्याच्या ऑपरेशननंतर मुलाने त्यांना गाडी चालवायची नाही अशी शपथ घातली, म्हणून ती विकायची होती.

हे काका रोज दुपारी साडेचारला आमच्याकडे चहाला यायचे. माझी पहिली पाळी सुटलेली असायची. एक कप चहा, दोन खारी, आणि इकडच्यातिकडच्या गप्पा. माझा पाय हलायला लागला की काका बोलता बोलता माझ्या गुडघ्यावर हात ठेवायचे आणि पाय थांबायचा. वैशालीला वीस वर्षांच्या संसारात हे जमलं नव्हतं.

एवढी जवळीक, म्हणून मी तपासणी सोडली का? नाव नको. नवीन लोकांनी हा भाग लिहून घ्या, हा खरंच उपयोगी आहे. जुनी गाडी दिवसाउजेडी बघायची. इंजिन थंड असताना आपल्यासमोर चालू करायला लावायचं. आधीच तापवून ठेवलेलं असलं तर का, ते विचारायचं. पत्र्यावरून लोहचुंबक फिरवायचं, चिकटलं नाही तिथे ठोकून पुट्टी भरलेली असते. टायर कधी बनला ते टायरवरच लिहिलेलं असतं, ते वाचायचं. सर्व्हिसचे कागद, विमा, सगळं पुन्हा पुन्हा बघायचं. माझी यादी बेचाळीस मुद्द्यांची होती. काकांना बेचाळीसपैकी बेचाळीस मार्क पडले आणि मी गाडी घेतली.

एकच गोष्ट मी केली नाही. गाडी स्वतः चालवून बघितली नाही. काकांच्या ओळखीच्या बाळू मिस्त्रीने ती चालवली आणि मी शेजारी बसून आवाज ऐकला. नवख्या माणसाने परकी गाडी रस्त्यावर काढू नये, असा माझाच सल्ला होता. तो मी पाळला आणि तिथेच फसलो.

पहिल्या रविवारी वैशालीला घेऊन निघालो. गेटबाहेर पडेपर्यंत गाडी तीनदा बंद पडली. क्लच इतका कडक, की पाय रेटून रेटून मांडी भरून आली. ब्रेकचंही तेच. गाडी थांबायची म्हणजे डॅशबोर्डवरचा गणपती पुढे यायचा. वैशालीने एका हाताने गणपती धरला आणि दुसऱ्या हाताने दरवाजा.

मग आला इंदिरानगरचा बोगदा. हायवेखालून जाणारा तो बोगदा नाशिककरांना वेगळा सांगायला नको. चारी बाजूंनी गाड्या घुसतात आणि बाहेर पडताना चढ. नेमकी त्या चढावर आमची गाडी बंद. चालू केली, तर मागे सरकली. मागे टोमॅटोचे क्रेट भरलेला पिकअप, त्याच्या मागे अख्खं नाशिक हॉर्न वाजवतंय. पिकअपचा ड्रायव्हर उतरून आला आणि त्याने काचेवर टकटक केली.

"दादा, हँडब्रेक वढा. जरा दम खा, मंग काढा. लय घाई हाय का?"

"गाडीत दोष आहे," मी म्हणालो.

"आसंल," असं म्हणून तो माझ्या हलणाऱ्या पायाकडे बघत राहिला. त्याचा सल्ला मात्र सोन्यासारखा होता. चढावर आधी हँडब्रेक, मग बाकीचं सगळं, आणि मागच्या हॉर्नकडे लक्ष द्यायचं नाही. त्याच बळावर आम्ही तासाभराने घरी पोचलो. वैशाली अर्ध्या वाटेत उतरून रिक्षाने आधीच आली होती.

दुसऱ्या दिवशी बाळू मिस्त्रीकडे गेलो. त्याने एक चक्कर मारली आणि म्हणाला, साहेब, गाडीला काही झालेलं नाही. काही झालेलं नाही? माझ्या डोक्यात लगेच उजेड पडला. हा काकांचा माणूस, हा दुसरं काय सांगणार? दोन आठवडे मी तसाच झगडलो. मग एके दिवशी गाडीतून जळका वास यायला लागला. अंबडच्या एका अनोळखी गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मिस्त्रीने उघडून बघितलं आणि म्हणाला, क्लचप्लेट जळालीय, कुणीतरी क्लचवर पाय ठेवूनच गाडी चालवतंय.

कुणीतरी! आता तुम्हीच सांगा, अकरा वर्षं ती गाडी कोण चालवत होतं?

प्लेट बदलायची नाही, पुरावा आहे, असं मी त्याला बजावलं आणि गाडी हळूहळू घरी आणली. बॅगेतून लाल टॅग काढला. पार्ट: क्लच. दोष: निकामी. कारण: आधीच्या मालकाचा निष्काळजीपणा. पुढे काय: मालकाला परत. खाली झोकात सही. टॅग स्टिअरिंगला बांधला, फोटो काढला आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, जुनी गाडी घेताना ओळखीच्या माणसावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. मी कुणाचंही नाव घेतलं नव्हतं. पण त्या महिन्यात बिल्डिंगमध्ये गाडी विकलेला माणूस एकच होता.

साडेचारला काका आले. आत आले नाहीत, दारातच उभे राहिले.

"सुनील, अकरा वर्षांत या गाडीचा क्लच मला एकदाही बदलावा लागला नाही," ते म्हणाले. "गाडी चांगली शे."

काकांना फार लागलं की त्यांच्या तोंडून घरची अहिराणी येते. शांतपणे म्हणाले, तरी तुला नको असेल तर मी परत घेतो, पण मी तुला फसवलं असं म्हणू नकोस. आणि जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी साडेचारला ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. वैशाली रोज तीन कप चहा करायची आणि एक कप काही न बोलता मोरीत ओतायची. शेवटी बोललीच.

"तुम्ही टॅग गाडीला नाही बांधलात. माणसाला बांधलात."

मला ते लागलं. फार लागलं. पाय आता झोपेतसुद्धा हलायला लागला. पण आतून वाटत होतं, आपण चुकलेलो नाही, हे एकदा सिद्ध झालं की काकाही हसतील. शहाणा माणूस अशा वेळी खाली जाऊन माफी मागतो. मी प्रात्यक्षिक ठेवलं.

आमच्या कारखान्यात एक मास्टर पीस असतो. अगदी बिनचूक पार्ट. संशय आला की त्याच्याशी ताडून बघायचं. माझा मास्टर पीस ठरलेला होता: क्लासची गाडी. रविवारी सकाळी नऊला अहिरे मास्तरांना गाडी घेऊन बोलावलं. पार्किंगमध्ये दोन्ही गाड्या शेजारीशेजारी लावल्या. बिल्डिंगमधले निम्मे लोक खाली आले, उरलेले गॅलरीत. काका यायला तयार नव्हते. मी म्हणालो, तुम्ही माझ्या शेजारी बसा, लोण्यासारखा क्लच कसा असतो ते तुम्हालाच कळू दे. ते मुकाट्याने आले आणि मास्तरांच्या जागेवर बसले. मास्तर बाहेर उभे राहिले. ते काहीतरी सांगायला पुढे झाले होते, पण मी हातानेच थांबवलं.

सीटबेल्ट लावला. आरसा बघितला. जमलेल्यांना म्हणालो, आता बघा. क्लचवर नेहमीसारखा पाय टेकवला.

क्लच हलेना.

जरा दाबला, थोडासा गेला. गिअर टाकला तर खालून असा आवाज आला की गॅलरीतल्या बायकांनी कानांवर हात ठेवले. पाय सोडला. गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा उडी. तिसऱ्या उडीला काकांचा चष्मा त्यांच्या मांडीवर पडला.

"मास्तर," मी खिडकीतून ओरडलो, "तुम्ही या गाडीला काय केलंत?"

मास्तर जवळ आले. एरवी हं म्हणणारा माणूस, त्या दिवशी मात्र बोलला.

"साहेब, गाडी तीच आहे. इकडचा क्लच आणि तुमचा क्लच एकाच तारेला बांधलाय. मी इकडे दाबला की तुमच्या पायाखालचा आपोआप खाली जातो. महिनाभर मीच दाबत होतो."

"आणि ब्रेक?"

"तोही."

मग तुम्ही सांगितलं का नाही, मी विचारलं. मास्तर म्हणाले, पहिल्याच दिवशी सांगायला गेलो होतो, पण तुम्ही मला टायरमधली हवा समजावत होतात. आणि तुमचा डावा पाय क्लचवर सारखा तबला वाजवत होता. म्हटलं, आधी आपली प्लेट वाचवू.

प्लेट! तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की काकांच्या गाडीची प्लेट कुणी जाळली. अकरा वर्षं टिकलेली वस्तू मी दोन आठवड्यांत खाक केली होती आणि टॅगवर काकांचा निष्काळजीपणा लिहून खाली सही केली होती. बेचाळीस मुद्दे तपासले, पण चालवणारा तपासायचा राहिला. बिल्डिंग हसत होती. मला ते हसू ऐकूही येत नव्हतं. शेजारी बसलेल्या काकांकडे बघायची लाज वाटत होती.

"काका, मी चुकलो," मी म्हणालो. "फार वाईट वागलो तुमच्याशी."

काकांनी मांडीवरचा चष्मा उचलून डोळ्यांवर लावला. खाली वाकून पायाशी बघितलं. मास्तरांना विचारून घेतलं, यातला क्लच कुठला. मग बूट नीट टेकवून बसले.

"चालू कर," ते मला म्हणाले. "चालवायची नाही अशी शपथ आहे, दाबायची नाही अशी नाही."

गाडी अलगद सुटली. अगदी लोण्यासारखी. पार्किंगला एक अख्खी फेरी मारून आम्ही जागेवर आलो. स्टिअरिंग माझ्या हातात होतं, एवढंच माझं काम.

दुपारी प्लेट बदलायला गाडी बाळू मिस्त्रीकडे नेऊन दिली. म्हणजे त्यालाच न्यायला बोलावलं. ग्रुपवर माफी लिहिली, या वेळी काकांचं नाव घालून. साडेचारला बेल वाजली. दारात काका. हातात तोच लाल टॅग, बाळूकडून सोडवून आणलेला. माझी नोंद एका सरळ रेघेने खोडून त्यांनी मागच्या बाजूला फळ्यावरच्या अक्षरात चारही रकाने आखून भरले होते.

पार्ट: डावा पाय. दोष: स्वस्थ बसत नाही. कारण: वरचा मजला. पुढे काय: रोज सकाळी सहाला माझ्याबरोबर सराव, कान उघडे आणि तोंड बंद.

मी हसलो, वैशाली तर पदर तोंडाला लावून आत पळाली. काका मात्र गंभीर. सोफ्यावर बसले, खारी उचलली आणि टॅगवरच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"सही राहिली. इन्स्पेक्टरच्या सहीशिवाय टॅगला अर्थ नसतो, असं तूच सांगितलंस ना?"

माझा पाय जोरजोरात हलत होता, अक्षर काही केल्या सरळ येईना. काकांनी गुडघ्यावर हात ठेवला, तेव्हा कुठे मी सही केली.