गॉर्डीची नवी पाती

अर्व्हो साल्मेलाने आपल्या कॅम्पवरचा एकेक माणूस जिभेने हाकलून लावला, आणि वर पुन्हा म्हणायचा, हल्लीच्या लोकांना रानाची आवड राहिलेली नाही.

कॅम्प म्हणजे सुपिरियर सरोवराच्या अलीकडे, हेमलॉकच्या दाट रानात त्याच्या बापाने बांधलेली लाकडी खोपी, आणि शेजारी सौनाची, म्हणजे वाफेच्या अंघोळीची, कोठडी. दर ऑक्टोबरात तिथे सहाजण यायचे. सगळे जुन्या पद्धतीच्या, वळलेल्या टोकांच्या धनुष्याने हरणाची शिकार करणारे. कप्प्या-चाकांचं आधुनिक धनुष्य घेऊन कोणी दारात उभा राहिला तर अर्व्हो विचारायचा, "सायकल कुठे लावलीस?" क्लिफर्डचे गुडघे गेले आणि त्याने मचाणाला शिडी लावली, तर हा म्हणाला, "पुढच्या वर्षी लिफ्ट बसवू. खाली नर्स बसेल." क्लिफर्डने पुढच्या वर्षाची वाट पाहिली नाही.

वॉरनचं तर सगळ्या गावाला माहीत आहे. त्याचा खांदा दुखायचा, म्हणून दोन वर्षांपूर्वी त्याने धनुष्याला हलकी पाती, म्हणजे मुठीच्या वर-खालच्या वाकणाऱ्या पट्ट्या, घेतली, बेचाळीस पौंडांची. पहिल्याच रात्री जेवताना अर्व्होने जाहीर केलं, "वॉरनला आता रानात एकटं सोडायला हरकत नाही. हरणं त्याच्या अंगाखांद्यावर खेळतील." सगळे हसले. वॉरनही हसला, त्याने सगळ्यांची भांडी घासली, आणि पुन्हा कधी आला नाही.

आमच्याकडे माणसाचं वय विचारत नाहीत, धनुष्याची ओढ विचारतात. पात्याच्या आतल्या अंगाला, वार्निशखाली, बनवणारा स्वतःच्या हाताने आकडा लिहितो: दोरी पूर्ण ताणायला किती पौंडांचा जोर लागतो तो. अर्व्होचा आकडा बावन्न. पन्नासच्या खालचं धनुष्य त्याच्या लेखी धनुष्यच नव्हतं. कोणी शेकहँडला हात पुढे केला तरी याची नजर आधी त्याच्या पात्यावर.

शेवटी उरला एकटा गॉर्डी पेल्की. गॉर्डी त्याचा मेव्हणा, म्हणजे त्याची बायको एलेन हिचा धाकटा भाऊ. एलेन गेल्यापासून अर्व्होच्या घरात बोलणारा फक्त रेडिओ होता. वर्षातले ते ऑक्टोबरचे दिवस सोडले तर त्याला माणूस दिसायचा तो दुकानात. गॉर्डी आला नाही तर कॅम्पला कुलूप, हे त्यालाही कळत होतं. कळूनही तोंड बंद ठेवणं मात्र त्याला जमत नव्हतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातलाच प्रकार.

ऑगस्टमध्ये गॉर्डी नवी पाती घ्यायला निघाला. वसंतात त्याच्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं. मूठ जुनीच ठेवायची, फक्त पाती बदलायची, असा त्याचा बेत. अर्व्हो न बोलावता गाडीत बसला.

धनुष्य बनवणाऱ्या नॅडीन ट्रुडेलचं वर्कशॉप म्हणजे तिच्या बापाचा गुरांचा जुना गोठा. भिंतीवर पात्यांच्या जोड्या टांगलेल्या. अर्व्हो एकुलत्या एक स्टुलावर बसला आणि परीक्षकासारखा सुरू झाला.

नॅडीनने मेपलच्या गाभ्याची जोडी काढली. "ही घे, मऊ चालते."

"मऊ काय? उशी घ्यायला आलोय का?"

बांबूच्या गाभ्याची काढली. "छान," अर्व्हो म्हणाला. "शिकार नाही मिळाली तर मासे धरता येतील."

मग तिने कार्बनचा पातळ थर दिलेली जोडी काढली. "ही हलकी असली तरी बाण जोरात फेकते. जुन्या पन्नासचं काम ही चाळीस पौंडांत करते. खांद्यालाही त्रास नाही."

"नाचता येईना अंगण वाकडं," अर्व्हो म्हणाला. "ह्याला ओढता येईना, म्हणून पाती बदला."

"साल्मेला," नॅडीन म्हणाली, "हरणाला आकडे वाचता येत नाहीत."

"मला येतात."

गॉर्डी भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याने कार्बनच्या जोडीवरून बोट फिरवलं, खांदा जरा गोल फिरवून पाहिला, आणि म्हणाला, "हीच दे. पण पन्नासची." नॅडीनने त्याच्याकडे पाहिलं, मग स्टुलावरच्या माणसाकडे पाहिलं, आणि ऑर्डर लिहून घेतली. परतीच्या वाटेवर अर्व्हो खुशीत होता. मेव्हण्याची लाज आपण राखली, असं त्याला वाटत होतं.

आता अर्व्होचं स्वतःचं सांगायला हवं. स्वतःचं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, अशी ही जात. तीन पानगळी झाल्या, बावन्नाची दोरी त्याला पुरती ओढता येत नव्हती. हात अर्ध्यावर थरथरायचा. कॅम्पवर सराव करायचा तो गॉर्डी पाण्याला गेला की. आणि तीन वर्षं रिकाम्या हाताने मचाणावरून उतरताना तो एकच सांगायचा, "आला होता. लहान होता, सोडून दिला." रानातली सगळी हरणं त्या तीन वर्षांत वाढायची थांबली होती बहुतेक.

ऑक्टोबरात गॉर्डी आला. पेस्टींचा, म्हणजे मांस-बटाट्याच्या भाजलेल्या करंज्यांचा, डबा, बायकोने दिलेला वेलचीचा पाव आणि नवी पाती चढवलेलं धनुष्य. अर्व्होने पाव पाहिलाही नाही. धनुष्य उलटं करून त्याने आकडा वाचला. नॅडीनच्या तिरक्या अक्षरात स्पष्ट पन्नास.

"बरं दिसतंय," तो म्हणाला. "काळं आहे. मयताला न्यायला बरं."

दुसऱ्या दिवशी गॉर्डी ओढ्याकडच्या पंपावर बादली घेऊन गेला. धनुष्य ओसरीच्या खुंटीला होतं. अर्व्होने ते काढलं, नावं ठेवायला आणखी काही सापडतं का ते बघायला. दोरीला बोटं लावली आणि ओढली.

दोरी आली. आली ती थेट तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत आली आणि तिथे शांत राहिली. पन्नास ओढताना पाठीत जी कळ उठते ती उठलीच नाही. ज्याने जन्मभर पन्नासच्या वर ओढलं त्याच्या बोटांना वजन-काटा लागत नाही. ही फार तर चाळीस होती.

आणि त्याचा हात थरथरत नव्हता. तीन वर्षांत पहिल्यांदा तो दोरी पुरी ताणून, बर्चच्या खोडावरच्या एका काळ्या डागाकडे बघत, निवांत उभा होता. त्याला दोरी परत सोडावीशी वाटेना. लाज वाटली, पण सोडावीशी वाटेना.

तेवढ्यात बादलीचा आवाज आला. गॉर्डी पायवाटेवर उभा राहून बघत होता.

अर्व्होच्या तोंडाशी टोमण्यांची रांग लागली. असा घास त्याला आयुष्यात मिळाला नव्हता. खोटा आकडा, तोही सख्ख्या मेव्हण्याचा. पण त्याला वॉरनचा बिछाना दिसला, नुसती फळी उरलेला. क्लिफर्डचा दिसला. आपण आता तोंड उघडलं तर पुढच्या ऑक्टोबरात गॉर्डीचीही फळी उघडी पडणार, हे त्याला स्वच्छ दिसलं. त्याने दोरी सावकाश सैल केली.

"जड आहे रे," तो म्हणाला. "चांगलीच जड. पन्नासच्या वरच असेल."

गॉर्डीने बादली खाली ठेवली. "काय म्हणालास?"

"चांगली पाती आहेत म्हटलं."

"माझ्या लग्नात तू केक कोरडा आहे म्हणालास," गॉर्डी म्हणाला. "मी घर बांधलं तर दारं बुटकी म्हणालास. एलेनच्या मयताला मी चार शब्द बोललो, तर गाडीत बसताना म्हणालास, लांबलं. आणि आज म्हणतोस पाती चांगली. म्हणजे तुला कळलं."

अर्व्हो दोरीशी चाळा करत राहिला.

"कळलं, आणि तरी तू बोलला नाहीस. इतका गेलो का रे मी? वॉरनलासुद्धा तू बोललास. मी वॉरनच्याही पलीकडे गेलो?"

"तसं नाही."

"मग कसं? मी मागाहून एकटा जाऊन नॅडीनच्या दोनदा पाया पडलो ह्या आकड्यासाठी. ती लिहायला तयार नव्हती. तुझं तोंड चुकवायला केलं हे सगळं. आता तूच मला गोंजारायला लागलास तर मी घरी जातो. घरी गोंजारायला बायको आहे."

तो खरंच निघाला असता. अर्व्होला दुसरं काही येत नव्हतं, म्हणून जे येत होतं ते त्याने केलं.

"चाळीसच्या पात्यावर पन्नास लिहून घेतलंस," तो म्हणाला. "उद्या टकलावर केस लिहून घे."

गॉर्डीच्या मानेवरचा ताण उतरलेला दिसला. "चाळीस नाहीत," तो म्हणाला. "अडतीस."

"अडतीस? त्यापेक्षा हरणाला जवळ बोलावून समजूत घाल."

"येतं की तुला," म्हणत गॉर्डीने बादली उचलली आणि आत जाऊन कॉफी ठेवली.

दुपारी दोघं आपापल्या मचाणावर गेले. अर्व्होचं मचाण ओढ्याच्या वरच्या अंगाला, गॉर्डीचं खाली सीडरच्या दाटीत. उन्हं तिरपी झाली तेव्हा एक नर आला. मोठा, भरल्या मानेचा, सावकाश बर्चचा पाला हुंगत. तो अर्व्होच्या पुढ्यात आडवा उभा राहिला आणि मान वळवून पलीकडे बघू लागला. ह्याहून सोपा बाण कोणी कोणाला देत नाही.

अर्व्होने ओढायला घेतलं. दोरी छातीपर्यंत आली आणि थांबली. त्याने दात चावले, पाठ ताणली, हाताला शिव्या घातल्या. हात थरथरायला लागला, आणि बाण मुठीवर टकटक वाजायला लागला. नराने कान फिरवला, हे काही फार मोठं नसावं असं ठरवलं, आणि रमतगमत ओढ्याच्या कडेने खाली गेला. पळालासुद्धा नाही. अर्व्होला तेच सगळ्यात झोंबलं.

थोड्या वेळाने खालून गॉर्डीची शीळ आली.

नर सीडरच्या मुळाशी पडला होता. अडतीसचा बाण बरगड्यांतून आरपार जाऊन पलीकडच्या शेवाळात रुतला होता. दोघांनी तो सोलायच्या जागेपर्यंत ओढत आणला. अर्व्होने पाय धरले. अंधार पडला तेव्हा गॉर्डीने काळीज कांद्यावर परतून दोन ताटल्यांत वाढलं.

"तुझ्याच बाजूने आला," तो म्हणाला.

"मला नाही दिसला."

गॉर्डीने पाव तोडला. नर चालत आला होता, अंगावर घाबरल्याची एक खूण नव्हती. त्याची वाट अर्व्होच्या मचाणाखालून जाते, हे दोघांनाही पाठ होतं. दिवसभरात एक पान हललं नव्हतं.

"वारा फिरला असेल," गॉर्डी म्हणाला.

अर्व्हो वाट बघत राहिला. पुढे काहीतरी येईल, म्हातारा म्हणेल, आंधळा म्हणेल. गॉर्डी नुसता जेवत होता, आणि मिठाची डबी त्याने हलकेच अर्व्होकडे सरकवली, आजाऱ्याला सरकवतात तशी. सकाळी ओसरीवर आपण त्याला काय दिलं होतं ते अर्व्होला तेव्हा कळलं. ते फार वाईट होतं. वॉरनला जे दिलं होतं त्याहूनही वाईट असावं.

"दिसला," तो म्हणाला. "ओढलं. अर्ध्यावर थांबलं."

"आजच?"

"तीन वर्षं."

गॉर्डीने काटा खाली ठेवला. "तीन. म्हणजे वॉरनला बोललास तेव्हासुद्धा."

"हो."

चुलीत लाकूड फुटलं. गॉर्डी त्याच्याकडे बघत राहिला, आणि त्या बघण्यात आता गोंजारणं अजिबात नव्हतं.

"सकाळी टेकडीवर जाऊन पात्यांसाठी नॅडीनला फोन करतो," अर्व्हो म्हणाला. खोपीत फोन लागत नाही.

"तिला मागाहून. आधी वॉरनला कर."

"त्याला काय सांगू?"

"सांगू नकोस, विचार. थकल्या हाताला कुठली ओढ झेपते. त्याला अनुभव आहे." त्याने ताटली जवळ ओढली. "आणि सकाळी कशाला? टॉर्च दाराशी टांगलाय."